वापरलेली, पण उत्तम स्थितीत

गाडीतली लहान मुलाची सीट उलटी केली तेव्हा सीवला तळाशी स्वतःचं अक्षर दिसलं. काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या मार्करनं लिहिलेली तारीख, तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली, आणि तारखेपुढं विदारच्या, तिच्या नातवाच्या, नावाचं पहिलं अक्षर, शेपटी जरा लांबवलेलं. बसवलेल्या प्रत्येक सीटखाली तारीख घालायची तिची सवय होती. दुकानातलं दुसरं कुणी घालत नसे. पण नावाचं अक्षर तिनं एकाच सीटखाली घातलं होतं. तिनं अंगठ्यानं ते घासून पाहिलं. गेलं नाही. समोरची बाई म्हणाली, "काय झालं? घाण आहे का? मी पुसून घेतली होती." सीव म्हणाली, "घाण नाही."

बाईचं नाव यॉसेफिन. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, जवळच्या कीलहून आली होती, कडेवर चौदा महिन्यांची तूवा, नाकाखाली शेंबूड वाळलेला. दारातून आत येतानाच तिनं सांगून टाकलं होतं की सीट नेटवर घेतली आहे, अगदी नव्यासारखी आहे, फक्त खालचे दोन पट्टे कुठं अडकवायचे ते कळत नाही, गाडी जुनी आहे ना. सीवला अशी गिऱ्हाइकं पाठ होती. ती आधीच माफी मागितल्यासारखं बोलतात आणि माफीच्या आत धमकी असते: मला काही बोलू नका, मी थकलेली आहे. एकोणीस वर्षं कार्लस्टाडच्या वेशीवर, हायवेलगतच्या ह्या दुकानात, सीव हेडल्युंड लोकांच्या गाड्यांत गुडघे टेकून मुलांच्या सीटा बसवत होती आणि एकोणीस वर्षं लोकांना बोलत होती. चुकलंय. ढिलं आहे. हे असं नाही. लोक ऐकून घेत. दुकानाचा मालक टोरे एकदा कुणाला तरी हळूच म्हणताना तिनं ऐकलं होतं, "तिचं एखादं मूल गेलं असावं गाडीत. त्याशिवाय कुणी इतकं कडक होत नाही." तिनं ते खोडून काढलं नव्हतं. खरं तर तिचं कुणीच कधी गाडीत गेलं नव्हतं. लहानपणी ती आणि भाऊ वडिलांच्या गाडीत मागं बटाट्याच्या पोत्यांवर लोळत आजोळी जायचे, शेकडो मैल, आणि दोघांना कधी खरचटलंही नव्हतं. सीट बसवणं ही जगातली एकच गोष्ट होती जिच्यात ती नेहमी बरोबर असे आणि समोरचा चूक, एवढंच. नवऱ्याच्या बाबतीत तसं कधी झालं नाही. तो निघून गेला तेव्हाही बरोबर तोच होता, हे तिला आतून ठाऊक होतं.

"मी कापड काढून बघते," सीव म्हणाली. यॉसेफिननं घड्याळ पाहिलं. सीवनं डोक्याकडचं कापड सोडवलं, बोटं आत घातली आणि आतल्या पांढऱ्या थर्माकोलवरून फिरवली. डाव्या बाजूला बोट अडकलं. नखाएवढी खोल चीर, कानापासून खांद्यापर्यंत गेलेली. मग तिनं विजेरी घेतली. जिथं सीटला टेकू देणारा पुढचा पाय कवचात शिरतो तिथं काळं प्लास्टिक पांढुरकं पडलं होतं, घडी घातलेल्या कागदासारखं. पट्टे जिथून बाहेर येतात तिथं त्यांचं विणकाम बोटभर चकचकीत झालं होतं, वितळून घट्ट झाल्यासारखं. असं होतं ते एकदाच, एका क्षणात, जेव्हा पट्ट्यावर मुलाचं सगळं वजन आणि गाडीचा सगळा वेग एकदम येतो. हे तिनं किती जणांना असं बोट ठेवून दाखवलं होतं, नवीन लोकांच्या प्रशिक्षणात तर दरवर्षी. ती विजेरी धरून तशीच उकिडवी बसून राहिली. म्हणजे विदार. म्हणजे कुठंतरी, कधीतरी, विदार ह्या चिरेला डोकं लावून बसला होता. आता तो साडेतीन वर्षांचा असेल. असला तर. हा दुसरा शब्द मनात आला तशी ती उठून उभी राहिली. गुडघ्यातून कळ गेली.

विदार सहा महिन्यांचा झाला तेव्हा सीट तिनं भेट दिली होती. पोंटुसनं, तिच्या मुलानं, हसून म्हटलं होतं, "आई, लोक चांदीचा चमचा देतात गं." तिनं सीट स्वतः त्यांच्या गाडीत बसवली, मागं तोंड करून, चार वर्षांचा होईपर्यंत अशीच ठेवायची म्हणून बजावलं. नंतर ती दर भेटीत अंगणात जाऊन गाडीचं दार उघडून बघायची. पट्टा चिमटीत पकडून बघायची. चिमटीत आला की ढिला. तो बहुतेक वेळा यायचा. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ते जेवायला आले तेव्हा विदार जाड फुगीर कोटासकट सीटमध्ये बांधलेला होता आणि पट्ट्याखाली तिचा अख्खा तळवा गेला. तिनं दारातच सुरुवात केली. पोंटुस म्हणाला, "आई, आज नको." त्याची बायको एब्बा काही बोलली नाही, तिनं नुसते बूट काढले आणि भिंतीला लावून सरळ ठेवले, फार सरळ. ते गेल्यावर सीवनं कॉफी केली आणि नगरपालिकेच्या बालकल्याण खात्याला पत्र लिहिलं. नाव घातलं नाही. लिहिताना तिला थंड, स्वच्छ असं काहीतरी वाटत होतं, बर्फ पडून गेल्यावर अंगण दिसतं तसं. वडील वारंवार सांगूनही ऐकत नाहीत, मुलाच्या जिवाला धोका आहे, पट्टा चिमटीत येता कामा नये. दोन बायका त्यांच्या घरी गेल्या. फ्रिज उघडला, मूल झोपतं कुठं ते विचारलं, एब्बाला वेगळ्या खोलीत बसवून पोंटुस हात उगारतो का ते विचारलं. निष्पन्न काही झालं नाही. पण त्यातल्या एकीनं पत्र वाचून दाखवलं, आणि चिमटीचं वाक्य पोंटुसनं जन्मभर ऐकलेलं होतं. त्यानं फोन केला. "तूच ना?" "मी विदारसाठी..." "तूच ना, एवढंच सांग." "हो." त्यानंतर फोन नाही, नाताळचं कार्ड नाही. पोंटुस राहायचा ते स्कूगहॉल कार्लस्टाडपासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. कागदकारखान्याचा वास वाऱ्याबरोबर तिच्या खिडकीपर्यंत यायचा, तो तेवढा यायचा.

"ही सीट अपघातातली आहे," सीव म्हणाली. यॉसेफिन हसली. "शक्यच नाही. जाहिरातीत स्पष्ट होतं, वापरलेली पण उत्तम स्थितीत. मी त्या माणसाला भेटलेय. पेट्रोल पंपावर. किती चांगला होता, स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवली." सीवनं चीर दाखवली. पांढुरका डाग दाखवला. यॉसेफिन वाकून बघत होती, पण तिला बघायचं नव्हतं हे तिच्या मानेवरून कळत होतं. "एवढीशी तर आहे," ती म्हणाली. "पडली असेल कधी हातातून. तुम्ही बसवून द्या, मी हळू चालवते." आणि मग अगदी आवाज खाली आणून, "हे बघा, तुम्हाला नवीन विकायची असणार, मला कळतं. मला आत्ता ते जमणार नाहीय." ह्यावर सीवनं नेहमीसारखं का केलं नाही ते तिला नंतरही सांगता आलं नाही. नेहमी ती भांडायची. त्या दिवशी तिनं खिशातली कात्री काढली आणि खांद्यांवरचे दोन्ही पट्टे एकामागून एक कापले. कात्री बोथट होती, दुसरा पट्टा करवतावा लागला. ती करवतत असताना यॉसेफिन तिच्याकडे नुसती बघत राहिली, कुणी आपल्याच घरात येऊन आपला पडदा फाडत असल्यासारखी.

"अहो, काय करताय? माझी आहे ती!"

"आता कुणाचीच नाही."

"वेड लागलंय का? पोरीला घेऊन मी घरी कशी जाऊ? मांडीवर बसवून?" तूवा रडायला लागली. यॉसेफिन फोन काढून बडबडायला लागली, थांबा, थांबा, आत्ताच्या आत्ता त्यालाच विचारते, मग बघते तुमच्याकडे. फोन तिनं काउंटरवर ठेवला, आवाज मोठा करून. तीन घंट्या झाल्या. सीवला वाटलं आत जावं, मागं गोदामात, कुठंही. पाय हलले नाहीत.

"हॅलो?" पोंटुस म्हणाला. आवाज जाड झाला होता. दोन वर्षांत माणसाचा आवाज असा जाड होतो का? "मी तूवाची आई, सीट घेतली ती. एक विचारायचं होतं, ही सीट कधी अपघातात सापडली होती का?" "नाही, नाही," पोंटुस लगेच म्हणाला. "मुलगा मोठा झाला म्हणून दिली. जपून वापरलीय अगदी." लहानपणीही खोटं बोलताना तो दोनदा नाही म्हणायचा, आणि मग लगेच एखादी माहिती जोडायचा. आठ वर्षांचा होता तेव्हा शेजारच्या खिडकीची काच फुटली होती. नाही, नाही, मी तर तलावावर होतो. तेव्हा तिनं त्याला तासभर उभं केलं होतं, खरं निघेपर्यंत. यॉसेफिननं विजयानं सीवकडे पाहिलं. बघा.

"विदार कसा आहे?" सीव म्हणाली.

पलीकडे कुठंतरी नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मग फोनच बंद झाला.

"तुम्ही ओळखता त्याला?" यॉसेफिननं विचारलं. नाही म्हणता आलं असतं. "माझा मुलगा आहे," सीव म्हणाली. यॉसेफिनला ते समजायला जरा वेळ लागला, आणि मग समजलं ते भलतंच. तिचा चेहरा आक्रसला. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणून कापलेस पट्टे. पुरावाच ठेवायचा नाही. मुलगा विकतो, आई कापते." तुम्ही गेलं, तू आलं. एकोणीस वर्षांत तिला उद्धट म्हणणारे भेटले होते, चक्रम म्हणणारे भेटले होते; चोर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं कापलेल्या टोकाकडे पाहिलं. तो चकचकीत भाग अजून शाबूत होता, कापलं होतं ते त्याच्या बरंच खाली, पण हे ह्या बाईला आता कोण पटवणार. "मला लिहून हवंय," यॉसेफिन म्हणाली. "काय सापडलं, आणि कुणी विकली. तुझ्या सहीनं. मी पोलिसांत जाणार आहे. लिहिणार आहेस का मुलाला पाठीशी घालणार आहेस?"

सीवनं काउंटरवरचा तपासणीचा छापील कागद ओढला. चीर, डाव्या बाजूला, अठरा सेंटिमीटर. कवचावर ताणाच्या खुणा. पट्ट्यांवर भार आल्याच्या खुणा, पट्टे मी तपासणीनंतर कापले. हे सगळं भराभर उतरलं. विक्रेता, ह्या ओळीपाशी पेन थांबलं. इथं ते पत्र लिहितानाची थंड स्वच्छ हवा यावी म्हणून ती थांबली होती की काय कुणास ठाऊक; ती काही आली नाही. तळहाताला घाम आला होता आणि कागद त्याला चिकटत होता. दोन वर्षांपूर्वी ढिल्या पट्ट्यासाठी तिनं मुलाच्या घरात माणसं घुसवली होती, आणि आता त्यानं खरोखर दुसऱ्याचं लेकरू मरायला लावलं असतं, आणि आता तिला लिहवत नव्हतं. आठ वर्षांच्या पोंटुसचे गुडघे तिच्या डोळ्यांसमोर आले, तासभर उभं राहून थरथरणारे. समोर तूवा आईच्या खांद्यावर तोंड घासत होती, खांदा ओला करत होती. पोंटुस हेडल्युंड, सीवनं लिहिलं, स्कूगहॉल, माझा मुलगा. सही केली. एक प्रत स्वतःकडे ठेवली. यॉसेफिननं कागद दोनदा वाचला आणि मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. किळस होती थोडी.

दुकानात उसनी द्यायची एक सीट असे, ती सीवनं काढून गाडीपर्यंत नेली. आवारात बर्फाचा चिखल झाला होता. ती वाकणार तोच यॉसेफिन म्हणाली, "हात लावू नकोस. मी बसवते." तूवाला तिनं पुढच्या सीटवर ठेवलं, ती तिथून भोकाड पसरून बघत होती. सीव हात खिशात घालून उभी राहिली. यॉसेफिन पट्टा चुकीच्या बाजूनं घालत होती. "तो निळ्या खाचेतून," सीव म्हणाली. "दिसतंय मला." "सीटचा पाय जमिनीला टेकला का बघ. हिरवं आलं पाहिजे." "गप्प बस ना जरा!" पुन्हा पट्टा निसटला. यॉसेफिनच्या बोटांची सालं निघाली होती, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. खिशातले सीवचे हात आपोआप वळत होते, ओढत होते, आवळत होते. "गुडघा सीटमध्ये रोव," ती शेवटी म्हणाली, तिच्या नेहमीच्या दुकानातल्या आवाजात, कारण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता. "सगळं वजन टाक. आता ओढ. अजून. तू ओढत नाहीयेस." यॉसेफिननं एक शिवी हासडून ओढलं. सीट धरून हलवली. गाडी हलली, सीट हलली नाही. मग तिनं तूवाचा कोट काढला, तिला बांधलं, पट्टा चिमटीत धरायला गेली. चिमटीत आला नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं कुठंतरी वाचलेलं असणार. काच खाली न करता ती गाडी घेऊन निघून गेली.

फोन आला तेव्हा सीव अजून चिखलातच उभी होती. "तू तिथं काय करत होतीस?" पोंटुस म्हणाला.

"मी इथं काम करते. विदार कसा आहे?"

"बरा आहे. ओरखडासुद्धा नाही." मग थोडं थांबून, "नोव्हेंबरमध्ये. क्रिस्टिनेहाम्नच्या रस्त्यावर बर्फ होतं, गाडी थेट खडकावर. माझं मनगट मोडलं. तो मागं बसून विचारत होता, बाबा, आपण का थांबलो." त्याचा आवाज तिथं जरा हलला, आणि लगेच कडक झाला. "ह्यात स्वतःचा विजय शोधू नकोस."

"मला कळवलं नाहीस."

"कशाला? पुढचं पत्र लिहायला?"

"पोंटुस, तुला माहीत होतं. अशी सीट दुसऱ्याला द्यायची नाही. तुला लहानपणापासून माहीत आहे."

"आहे ना माहीत. तीन वेळा कचरा डेपोपर्यंत नेली. तुझं अक्षर होतं खाली. एब्बा म्हणायची घरातून काढ, मला टाकवेना, आणि ठेववेनाही. मग जाहिरात टाकली. कुणीतरी घेऊन जावं, मला दिसू नये, बस." तो श्वास घेत होता. "मी तिचे पैसे परत करतो. तू तिला काही लिहून देऊ नकोस. यावेळी तरी नको देऊस, आई."

आई हा शब्द तिनं दोन वर्षांनी ऐकला. लिहून दिलंय, हे तिला फोनवर सांगता आलं असतं; फोन ठेवला की झालं असतं. "मी येते तिकडे," ती म्हणाली. तो नको म्हणाला. दोनदा नाही, एकदाच.

ती गेली. कामाची वेळ संपायला दोन तास होते, टोरेला सांगितलंही नाही. स्कूगहॉलचा पूल ओलांडला तसा कारखान्याचा वास गाडीत आला. दार पोंटुसनं उघडलं. दाढी वाढवली होती, कपाळावरचे केस गेले होते, आणि उंबऱ्यात तो असा उभा होता की बाजूनंही आत काही दिसू नये. तरी त्याच्या मांडीमागून एक डोकं बाहेर आलं. विदारच्या एका हातात अर्धा ब्रेड होता. त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. "ही कोण?" त्यानं विचारलं. पोंटुसनं खाली न बघता सांगितलं, "सीट बसवणाऱ्या बाई आहेत." "बरं," विदार म्हणाला आणि ब्रेड खात आत गेला. सीवनं खिशातली प्रत काढून पोंटुसच्या हातात दिली. "मी लिहून दिलंय," ती म्हणाली. "तुझं नाव घालून. गेल्या वेळी तुला दुसऱ्यांकडून कळलं, म्हणून स्वतः आले." पोंटुसनं कागद उलगडला, वाचला. विक्रेत्याच्या ओळीवर त्याचा अंगठा थांबला. तो ओरडेल असं तिला वाटलं, ओरडावं असंही वाटलं. "ह्यात एकही शब्द खोटा नाही," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या कुठल्याच कागदात नसतो." आणि दार लावून घेतलं, न आपटता.

त्यांची नवी गाडी अंगणात होती. तिच्या बाजूनं जाताना सीव थांबली आणि मागच्या काचेला हातांचा आडोसा करून तिनं आत पाहिलं. नवी सीट. मागं तोंड करून. खालचे दोन्ही पट्टे ताठ, एकाला पीळ नाही. पाय जमिनीवर, हिरवी खूण वर. जाड कोट बाजूला काढून घडी घालून ठेवलेला. तिनं दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं. मग पुन्हा पहिल्या बाजूला आली. श्वासानं काच धुरकट झाली, ती बाहीनं पुसून तिनं परत पाहिलं, डोक्याची उंची, बक्कल, पट्टा कुठून येतो ते. कुठंच काही सापडेना. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत पोंटुस उभा होता. तिनं मान वर केली तेव्हा त्यानं काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि हातानं तिला निघायची खूण केली, अंगणात शिरलेल्या परक्या माणसाला करतात तशी.

तरी ती आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहून आत बघत होती.